कुंडींतील मिरची : भांडें केवढें, अंतर किती?

मिरचीवांचून चालणारें स्वयंपाकघर आज महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. सकाळच्या पोह्यांत ती हवी, दुपारच्या फोडणींत ती हवी. उन्हाळ्यांत दह्यांत मुरवून वाळविलेली सांडगी मिरची वर्षाची बेगमी म्हणून डब्यांत भरून ठेवावी लागते. आणि एकादशीच्या फराळांतहि तिला मज्जाव नाहीं. मूळची मात्र ती आपल्याकडची नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यांचें तिखट म्हणजे मिरें, पिंपळी आणि सुंठ. ‘त्रिकटु’ तो हाच. संस्कृतांतील ‘मरिच’ म्हणजे मिरें, मिरची नव्हे. मिरची अमेरिका खंडांतील. कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीनंतर ती युरोपांत आली आणि पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागली. तिखटपणाच्या साम्यामुळें तिनें मिऱ्यांचें नांव उचललें आणि पाहतां पाहतां आपल्या पाकशास्त्रांत मिऱ्यांची जागाहि घेतली.

पूर्वीं घरामागें परसूं असे. मोरीच्या पाण्यावर केळ, अळू आणि दोनचार मिरच्या पोसल्या जात. त्या झाडांना कोणी मोजून माती दिली नाहीं, कीं अंतर आखून दिलें नाहीं. भूमि मोकळी होती. मुळांना हवें तिकडे जातां येत होतें. आतां वाडे गेले, परसें गेलीं, आणि आठ माणसांचें कुटुंब चौथ्या मजल्यावर राहूं लागलें. त्याच्याबरोबर मिरचीहि सज्ज्यांत आली. येथें तिच्या मुळांस जें मिळावयाचें तें आपण देऊं तेवढेंच. म्हणून भांडें केवढें घ्यावें आणि दोन झाडांत अंतर किती ठेवावें, हे परसांत कधीं न पडलेले दोन प्रश्न आतां उभे राहिले आहेत.

रोपवाटिकेंतून हौसेनें चार रोपें आणावयाचीं, तीं एकाच सहा इंची कुंडींत लावावयाचीं, आणि दोन महिन्यांनीं ‘आमच्या हाताला यशच नाहीं’ असें म्हणून कुंडी रिकामी करावयाची, हा प्रकार घरोघर पाहावयास मिळतो. दोष हाताचा नसतो, हिशेबाचा असतो. तो हिशेब अवघड नाहीं. घरांतील शाळकरी मुलांनाहि तो करावयास द्यावा.

मुळांची गरज

मिरचीचें मूळ आंब्याफणसाप्रमाणें खोल जाणारें नाहीं. बीं जागच्या जागीं रुजून वाढलें तर त्यास एक सोटमूळ असतें. परंतु रोप उपटून दुसरीकडे लावतांना त्याचें टोंक बहुधा तुटतें आणि मग बाजूचीं तंतुमुळें पसरूं लागतात. या मुळांचा मोठा भाग वरच्या ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक फूट मातींतच राहतो. यावरून पहिला नियम निघतो : भांड्यांतील मातीची खोली फुटाच्या आसपास असावी, नऊदहा इंचांहून कमी नसावी. याहून फार खोल भांडें घेतल्यानें मिरचीस विशेष लाभ होत नाहीं. वजन आणि खर्च मात्र वाढतो. उलट पसरट व उथळ परडीवजा भांडें कोथिंबीर-मेथीस चांगलें, पण मिरचीस निरुपयोगी.

आतां शेतकरी मिरचीस किती माती देतो तें पाहूं. उंच व पसरणाऱ्या जाती ६० सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटर अंतरावर लावतात. ठेंगण्या जातींस ६० बाय ४५ सेंटिमीटर पुरतें. या दुसऱ्या मापानेंच हिशेब केला तरी एका झाडाच्या वाट्यास ६० गुणिलें ४५ गुणिलें ३०, म्हणजे ८१,००० घन सेंटिमीटर माती येते. हजार घन सेंटिमीटरांचा एक लिटर. म्हणजे ८१ लिटर. सज्ज्यांत एका झाडाला आपण फार तर दहापंधरा लिटर देऊं शकतों. ही जी सहासात पटींची तूट, ती पाणी आणि खत यांच्या नियमितपणानें भरून काढणें हेंच कुंडींतील बागकामाचें सर्व मर्म आहे. भांडें जितकें लहान, तितका आपला नियमितपणा अधिक कडक हवा.

कुंडीचें पोट मोजा

बाजारांत कुंडी तोंडाच्या व्यासावरून विकली जाते. आठ इंची आणि बारा इंची या दोन कुंड्यांत फरक चारच इंचांचा, असें घेणाऱ्यास वाटतें. परंतु माती तोंडांत नसून पोटांत राहते, आणि पोट घनाच्या प्रमाणांत वाढतें. दोन्ही कुंड्यांची ठेवण सारखी असेल, तर व्यास दीडपट होतांच पोट दीड गुणिलें दीड गुणिलें दीड, म्हणजे तीन पूर्णांक तीन अष्टमांश पट होतें. चार इंचांच्या फरकानें झाडास तिपटीहून अधिक माती मिळते.

प्रत्यक्ष माप असें काढावें. समजा, मातीच्या पृष्ठभागीं कुंडीचा आंतील व्यास ३० सेंटिमीटर, तळाशीं २० सेंटिमीटर, आणि मातीची खोली २५ सेंटिमीटर आहे. सरासरी व्यास २५, त्याचा अर्धा साडेबारा, त्याचा वर्ग सुमारें १५६, त्यास ३.१४ नें व पुन्हा २५ नें गुणिलें असतां १२,२०० हून कांहींसें अधिक येतें. म्हणजे ही कुंडी सुमारें सव्वाबारा लिटरांची झाली. त्याच ठेवणीची आठ इंची कुंडी साडेतीन लिटरांच्या जरा वर भरते. ज्यांस गुणाकाराचा कंटाळा असेल त्यांनीं तळाचें छिद्र बुजवून लिटरच्या मापानें पाणी ओतून पाहावें; उत्तर तेंच येईल. भांडें विकतच घेतलें पाहिजे असेंहि नाहीं. पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्यांत साडेसोळा लिटर मावतात, आणि मिरचीस तें माप उत्तम आहे.

कोणत्या मिरचीस केवढें भांडें, याचें ढोबळ मान पुढीलप्रमाणें धरावें :

शोभेची, वीतभर वाढणारी बारीक मिरची : ३ ते ५ लिटर.

ज्वालासारखी ठेंगणी, झुडूपवजा वाढणारी घरगुती मिरची : १० ते १२ लिटर, म्हणजे बारा इंची कुंडी.

ब्याडगीसारखी पसरणारी, किंवा कमरेइतकी उंच होणारी जात : १५ ते १८ लिटर, म्हणजे तेलाचा डबा.

ईशान्य भारतांतील भूत जोलोकिया, अथवा कोंकणांत परसांतून दोनतीन वर्षें टिकणारी, आभाळाकडे तोंड करून लागणारी बारीक मिरची : २० लिटर वा अधिक. हीं झाडें वाढीस वेळ घेतात आणि दीर्घकाळ जगतात.

एका भांड्यांत एक झाड, हें या सर्वांस समान. ‘दोन लावूं, एखादें मेलें तर दुसरें राहील’ हा विचार रोप लहान असतांना ठीक आहे. परंतु दोन्हीं जगलीं कीं तीन आठवड्यांच्या आंत अशक्त रोप मुळाशीं कापून टाकण्याचें धैर्य दाखवावें. उपटूं मात्र नये. उपटतांना शेजाऱ्याचीं मुळें दुखावतात.

कुंडी म्हणजे पाण्याचा रांजण

भांड्याच्या आकाराचा झाडाच्या वाढीवर परिणाम होतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो किती होतो हें मोजून पाहण्याचें काम जर्मनींतील युलिख येथील संशोधक हेंड्रिक पूर्टर व त्यांचे सहकारी यांनीं केलें. निरनिराळ्या वनस्पतींवर झालेले ६५ प्रयोग एकत्र तपासून त्यांनीं २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, भांडें दुप्पट मोठें केलें असतां झाडाचा एकंदर भार सरासरीनें ४३ टक्क्यांनीं वाढतो. साडेतीन लिटरांचे सात केले कीं एकदां, आणि सातांचे चौदा केले कीं पुन्हां एकदां. म्हणजे चौपट मातींत झाड सुमारें दुप्पट होतें.

येथें एखादा चतुर वाचक आक्षेप घेईल : ‘चौपट मातींत झाड दुप्पटच होत असेल, तर तीच माती चार लहान कुंड्यांत वांटून चार झाडें कां लावूं नयेत? एकूण उत्पन्न तर अधिकच येईल!’ आक्षेप योग्य आहे, आणि गणितहि बरोबर आहे. परंतु प्रयोगशाळेंतील झाडास वेळच्या वेळीं पाणी मिळत असतें. आपल्या सज्ज्यांतील झाडास तें घरांतील माणसांच्या सवडीनें मिळतें. सारा भेद येथें आहे.

साधारण चांगल्या भुसभुशीत मातींत तिच्या आकारमानाच्या पांचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकें पाणी झाडास शोषून घेण्याजोगें राहतें. साडेतीन लिटरांच्या कुंडींत तें पाऊण लिटराच्या आसपास भरतें, आणि बारा लिटरांच्या कुंडींत अडीच ते तीन लिटर. भर उन्हाळ्यांत पूर्ण वाढलेलें मिरचीचें झाड दिवसाकाठीं लिटरभर किंवा त्याहूनहि अधिक पाणी उडवून टाकतें. लहान कुंडींतील साठा सकाळीं भरला तर दुपारीं संपतो. मोठ्या कुंडींतील दुसरा दिवस पार पाडतो. आणि मिरचीचा स्वभाव असा आहे कीं एकदां माना टाकल्या तर पाणी मिळतांच पानें पुन्हां उभीं राहतात, पण कळ्या आणि फुलें गळून जातात. झाड वांचतें, हंगाम जातो. मे महिन्यांत तापमान ३५ अंशांच्या पुढें गेलें म्हणजे फुलें तशींहि गळतात; त्यांत तहानेची भर पडली तर फळाची आशाच नको. शिवाय लहान कुंडीची माती लवकर तापते आणि कडेचीं मुळें भाजतात.

म्हणून कुंडीकडे मातीचें भांडें म्हणून न पाहतां पाण्याचा रांजण म्हणून पाहावें. रांजण केवढा घ्यावा हें आपण जसें पाणी किती वेळानें भरलें जाईल यावरून ठरवितों, तशीच कुंडीहि ठरवावी. आपल्या घरीं पाणी घालणारें माणूस कोण, त्यास दिवसांतून किती वेळां सवड आहे, आणि तें दोन दिवस गांवीं गेलें तर काय, हे प्रश्न रोपवाटिकेंत जाण्यापूर्वींच एकमेकांस विचारावे. पुष्कळ घरांतून हें काम न सांगतां आजीकडे जातें. रोपें आणणारीं नातवंडें सुट्टींत मामाकडे जातात, सूनबाई कचेरींत असतात, आणि सत्तरी ओलांडलेली बाई वीस लहान कुंड्यांसाठीं सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहते. वीसांच्या जागीं सहा मोठ्या कुंड्या ठेवल्या, तर मिरच्या घरास पुरतात आणि तिची एक फेरी वांचते. माझ्या मतें भांड्याच्या आकाराचा खरा निकाल या एकाच गोष्टीवर लागावा.

तळ, माती आणि वजन

कुंडीच्या तळाशीं विटांचे तुकडे वा खडी यांचा चांगला तीनचार बोटें थर द्यावा म्हणजे पाण्याचा निचरा होतो, असें वर्षानुवर्षें सांगितलें जातें. तें बरोबर नाहीं. बारीक मातींतील पाणी खालच्या जाड खडींत सहजीं उतरत नाहीं; तें मातीच्या शेवटच्या थरांत अडून राहतें. परिणामीं चिखलाचा पट्टा तळाशीं राहावयाचा तो खडीच्या उंचीइतका वर, मुळांजवळ येतो. आणि बारा इंची कुंडींतील तीन इंच माती फुकट जाते. छिद्रावर एक खापरीचा तुकडा पालथा ठेवावा किंवा जाळीचा तुकडा टाकावा. बाकी सर्व पोट मातीनें भरावें. मात्र वर दोन बोटें जागा पाण्यासाठीं मोकळी सोडावी, आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे छिद्र फरशीनें बुजत नाहीं.

नुसती काळी माती कुंडींत घालूं नये. ती ओली असतां चिकट होते आणि वाळतांच भेगाळते. एक भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत वा गांडूळखत, आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, हें मिश्रण चांगलें जमतें. त्यांत ओंजळभर निंबोळी पेंड मिसळावी. या मिश्रणानें वजनहि कमी होतें, आणि सज्ज्यांत वजनाचा विचार केलाच पाहिजे. नुसत्या मातीची बारा लिटरांची कुंडी पाणी घातल्यावर अठरा किलोंच्या घरांत जाते; अशा सहा कुंड्या म्हणजे शंभर किलोंहून अधिक भार. जुन्या इमारतींत तो सज्ज्याच्या बाहेरच्या कडेवर न टाकतां शक्य तेवढा भिंतीकडे ठेवावा. कठड्यावर तर एकहि कुंडी ठेवूं नये. वळवाच्या वाऱ्यानें ती खालीं गेली तर मिरचीबरोबर एखाद्याच्या प्राणाशीं गांठ पडते.

भाजलेल्या मातीची कुंडी अंगांतून पाणी झिरपवते. म्हणून ती थंड राहते, पण पाणी अधिक मागते. प्लास्टिकची कुंडी वा पिशवी पाणी राखते. पत्र्याचा डबा उन्हांत फार तापतो. त्यास पांढरा रंग द्यावा वा भोंवतीं जुनें गोणपाट गुंडाळावें, आणि तळाशीं चारपांच छिद्रें पाडावीं.

रोपास एकदम मोठें घर देऊं नये

मोठ्या कुंडीचें एवढें माहात्म्य वाचून कोणी चार पानांचें रोप थेट वीस लिटरांच्या पिंपांत लावील, तर तेंहि फसेल. इवल्या मुळांस एवढ्या मातींतलें पाणी ओढून घेतां येत नाहीं. माती दिवसचे दिवस ओली राहते आणि मुळें कुजतात. रोपाचें घर त्याच्या वयाप्रमाणें वाढवावें. बीं प्रथम लहान पेल्यांत वा ताटलींत पेरावें. २५ ते ३० अंश ऊब असल्यास तें आठदहा दिवसांत उगवूं लागतें. चारपांच खरीं पानें फुटलीं कीं चार इंची कुंडींत न्यावें, आणि वीतभर उंच झालें, म्हणजे पेरणीपासून साधारण पांचसहा आठवड्यांनीं, कायमच्या भांड्यांत बसवावें. पावसाळी पिकासाठीं मेअखेर पेरणी करावी. कोंकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशांत सप्टेंबर-ऑक्टोबरांत पेरणें अधिक सुरक्षित.

भांडें लहान पडूं लागलें हें झाड स्वतः सांगतें. सकाळीं भरपूर पाणी घालूनहि तें रोज दुपारीं माना टाकतें. घातलेलें पाणी न मुरतां क्षणांत तळांतून वाहून जातें. छिद्रांतून पांढरीं मुळें डोकावतात. आणि खालचीं पानें पिवळीं पडतात. यांतील दोन लक्षणें एकदम दिसलीं तर झाड मोठ्या भांड्यांत हलवावें. मात्र कोमेजलेलें झाड पाहतांच पाण्याचा तांब्या उचलूं नये. आधीं बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. माती ओली असून झाड कोमेजलें असेल, तर तें केवळ दुपारच्या उन्हानें असेल किंवा मुळें कुजल्यानें. दोहोंसहि अधिक पाणी हा उपाय नव्हे.

अंतर : वरचें आणि खालचें

झाडांमधील अंतराचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’मध्यें वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. दोन वृक्षांत वीस हातांचें अंतर उत्तम, सोळा हातांचें मध्यम आणि बारा हातांचें कनिष्ठ, असें तो सांगतो; आणि लगेच कारणहि देतो. जवळ जवळ वाढलेले, एकमेकांस स्पर्श करणारे आणि मुळें परस्परांत मिसळलेले वृक्ष पीडा पावून नीट फळ देत नाहींत, असा त्याचा अभिप्राय आहे. हीं मापें मोठ्या वृक्षांचीं. मिरची तर त्यास ठाऊकच नव्हती. परंतु कारण जसेंच्या तसें लागू पडतें. त्यानें दोन गोष्टी पृथक् सांगितल्या आहेत : वरचा स्पर्श आणि खालचें मिश्रण. प्रत्येक झाडास स्वतंत्र कुंडी दिली म्हणजे मुळांचें मिश्रण टळतें; पानांचा स्पर्श टळत नाहीं. कुंड्या एकमेकींस खेटून ठेवणाऱ्यांच्या ध्यानांत हें दुसरें अंग राहत नाहीं.

पानें पानांत अडकलीं कीं आंतल्या बाजूस ऊन पोंचत नाहीं, वारा खेळत नाहीं, आणि पावसाचें पाणी पानांवर वाळत नाहीं. भुरी आणि फळकूज यांस असें दाट छत्र मानवतें. मिरचीचा मोठा शत्रु म्हणजे चुरडा-मुरडा. फुलकिडे रस शोषूं लागले कीं पानें वरच्या बाजूस वळतात. कोळी लागले कीं खालच्या बाजूस. आणि पांढरी माशी तर एका झाडाचा विषाणुरोग दुसऱ्यास नेऊन देते. पानें भिडलेलीं असलीं कीं या किडींना सज्ज्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ रस्ता मिळतो. मध्यें वीतभर मोकळी जागा असली तर रोगट झाड वेळींच दिसतें आणि उचलून दूर ठेवतां येतें. प्रारंभींच दिसल्यास लिटरभर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडें साबणाचें पाणी मिसळून पानांच्या खालच्या बाजूंस संध्याकाळीं फवारावें.

अंतर मोजावयाचें तें कुंडीच्या कडेपासून नव्हे, एका खोडापासून दुसऱ्या खोडापर्यंत. ठेंगण्या जातींस ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट किंवा एक हात. पसरणाऱ्या जातींस ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. आतां तीन मीटर लांबीचा सज्जा घ्या. तीनशें भागिलें पंचेचाळीस. सहा झाडें बसतात, थोडी जागा उरते. सातवें बसत नाहीं. पसरणारी जात असेल तर पांचच. गच्चीवर दोन ओळी करावयाच्या असतील तर दुसऱ्या ओळींतील कुंडी पहिलींतील दोन कुंड्यांच्या मधल्या फटीसमोर यावी, आणि ओळींमध्यें ६० सेंटिमीटर वाट राहावी. नाहींतर तोडणीस हात पोंचत नाहीं.

लांबट पेटी वापरणाऱ्यांची येथेंच फसगत होते. ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० खोल अशी पेटी ८१ लिटरांची भरते. बारा लिटरांचा भाग दिला तर सहा झाडें बसावींत असें दिसतें. परंतु सहा लावलीं तर खोडांत पंधरा सेंटिमीटरहि नीट राहत नाहींत. येथें माती पुरते, आकाश पुरत नाहीं. अशा पेटींत दोन झाडें लावावीं. अगदीं ठेंगणीं असलीं तर तीन. भांड्याचें माप आणि अंतराचें माप असे दोन्ही हिशेब करावे, आणि ज्याचें उत्तर लहान येईल तें मानावें.

एकत्र कुटुंबांत आठ माणसें थोडक्या जागेंत सुखानें नांदतात, तीं एकमेकांसाठीं थोडथोडें सोडून देतात म्हणून. झाडास ती विद्या नाहीं. तें आपली मुळी आंखडून घेत नाहीं, कीं शेजाऱ्याच्या उन्हासाठीं फांदी बाजूस करीत नाहीं. त्याच्या वतीनें तो विवेक आपण दाखवावयाचा असतो.

बियाण्यासाठीं अंतर

आणखी एक अंतर आहे, तें बीं राखणाऱ्यांसाठीं. मिरचीचें फूल बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळतें. तथापि मधमाश्या व इतर कीटक शेजारच्या झाडाचा परागहि आणतात. ‘तिखट मिरचीशेजारीं ढोबळी मिरची लावली तर ढोबळी तिखट होते’ ही समजूत पुष्कळांची आहे. त्या वर्षींच्या फळास तसें कांहीं होत नाहीं. कारण तिखटपणा फळाच्या आंतल्या पांढऱ्या गाभ्यांत असतो आणि तो गाभा आईच्या झाडाचा असतो. पण त्या फळांतील बीं संकरित होऊं शकतें आणि पुढच्या वर्षीं भलतेंच झाड उगवतें. म्हणून ज्या फळांचें बीं ठेवावयाचें, त्या फांदीस फुलें उमलण्यापूर्वींच पातळ मलमलची पिशवी बांधावी, फळ धरतांच ती काढून त्या फळास दोऱ्याची खूण करावी, आणि तें झाडावरच लालबुंद होऊं द्यावें. सज्ज्यांत शेंकडों फूट अंतर कोणासच ठेवतां येणार नाहीं. मलमलच्या तुकड्यानें तें काम होतें.

सारांश, बाजारांत जातांना रोपांच्या संख्येवरून सुरुवात करूं नये. प्रथम सज्ज्याची लांबी मोजावी आणि तीस पंचेचाळीसानें भागावें. येईल तो आंकडा झाडांचा. मग पाणी घालणाऱ्या माणसाची सवड विचारावी. तिच्यावरून भांड्याचें माप ठरवावें, आणि शंका असल्यास एक माप मोठेंच घ्यावें. रोपें शेवटीं आणावीं. आंकडा सहा आला तर सहाच आणावीं; उरलेलीं रोपें शेजाऱ्यास द्यावीं आणि त्यासहि हा हिशेब समजावून सांगावा.